कर्णनाद आणि चुंबकीय उपचार



हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथच्या परिसरात लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा साकारत आहे. २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला मंजुरी दिली. अतिसूक्ष्म संकेत टिपावयाचे तर भूमीची कंपने कमी असलेली जागा हवी. म्हणून या परिसराची निवड झाली. परंतु निजानीज झाल्यावरही ज्याच्या कानात रातकिड्यांसारखी किरकिर चालूच राहते, त्यास हीच शांतता नकोशी होते. बाहेर आवाज नसता ऐकू येणाऱ्या या नादास कर्णनाद म्हणतात.

अंतर्कर्णातील सूक्ष्म केशपेशी वार्धक्याने अथवा मोठ्या आवाजाने एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. कानाकडून येणारे संदेश क्षीण होतात आणि ती उणीव भरून काढण्यासाठी मेंदूतील श्रवणकेंद्र अधिक संवेदनशील होते, असे मानले जाते. रेडिओचे केंद्र नीट लागले नसता आवाज वाढविला, तर खरखरच वाढते. तसाच हा प्रकार होय.

मग मेंदूतील ही खरखर कमी करता येईल काय? या प्रश्नातून चुंबकीय उत्तेजनाचा उपचार पुढे आला. बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे विद्युत्प्रवाह निर्माण होतो, हे फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखविले. त्याच तत्त्वावर १९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथे अँथनी बार्कर व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोक्यावर वेटोळे धरून मेंदूस उत्तेजन दिले. यात शस्त्रक्रिया नाही, भूलही नाही. नैराश्याच्या उपचारासाठी अमेरिकेत या पद्धतीस २००८ मध्ये मान्यता मिळाली.

कर्णनादाबाबत मात्र निष्कर्ष संमिश्र आहेत. अमेरिकेतील पोर्टलंड येथील, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा दिवस रोज २,००० स्पंदने देण्यात आली. खरा उपचार मिळालेल्या ३२ पैकी १८ जणांना आराम वाटला. लटका उपचार मिळालेल्या ३२ पैकी ७ जणांनाही तो वाटला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतील सुमारे दीडशे रुग्णांच्या मोठ्या चाचणीत मात्र खऱ्या व लटक्या उपचारांत लक्षणीय फरक आढळला नाही. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संस्थेनेही २०१४ च्या मार्गदर्शिकेत नेहमीचा उपचार म्हणून याची शिफारस केलेली नाही. शिवाय अपस्मार असलेल्यांना किंवा डोक्यात धातूचे उपकरण बसविलेल्यांना हा उपचार धोक्याचा ठरू शकतो.

म्हणून हळदीच्या पट्टीचे पैसे हाती येताच, अथवा कर्ज काढून, या उपचारासाठी मोठ्या शहराकडे धाव घेणे शहाणपणाचे नव्हे. प्रथम कानाची तपासणी करून घ्यावी. कधी साचलेला मळ हेच कारण निघते. त्यानंतर श्रवणचाचणी करावी. ऐकणे कमी झाले असल्यास श्रवणयंत्राने पुष्कळांचा त्रास हलका होतो. नादाविषयीची भीती व चिंता दूर करणारी मानसोपचार पद्धतीही उपयुक्त ठरली आहे. रात्री पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज ठेवल्यास झोप लागण्यास मदत होते. मात्र एकाएकी ऐकू येईनासे झाले, नाद एकाच कानात किंवा नाडीच्या ठोक्याबरोबर येऊ लागला, अथवा चक्कर येऊ लागली, तर वैद्यकीय सल्ला घेण्यास विलंब करू नये.

बधिरता निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून सुरू झाला आहे आणि हिंगोलीत २०२४ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. तपासणीचा आरंभ जवळच्या शासकीय रुग्णालयातूनच करावा.

या सर्वांहून मोलाचा उपाय प्रतिबंधाचा आहे. मळणीयंत्राजवळ किंवा हळद पॉलिश करण्याच्या ढोलाजवळ तासन्‌तास राबणाऱ्यांनी कानांत संरक्षक बोळे घालावेत. वरातीतील व मिरवणुकीतील कर्ण्यांपासून लहान मुलांना दूर ठेवावे. विज्ञान उद्या अधिक प्रभावी उपचार देईलही; परंतु गेलेली केशपेशी आज तरी परत आणता येत नाही. जी शाबूत आहे ती जपणे आपल्या हाती आहे.