भाकरी, कांदा आणि मोठे आतडे
(राजगुरुनगर येथे प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आरोग्याचा पाठ शिकविताना जंतू म्हणजे रोगाचे मूळ असे आपण मुलांस सांगतो. हात धुण्याची सवय लागण्यास तेवढे पुरते; परंतु ते अर्धेच सत्य आहे. प्रौढ मनुष्याच्या शरीरात सुमारे ३८ लक्ष कोटी जंतू नांदतात, आणि त्यांतील बहुतेकांची वस्ती मोठ्या आतड्यात असते. (शरीरातील पेशींच्या दसपट जंतू असतात असे पुस्तकांतून पुष्कळ वर्षे छापले जात असे, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या गणनेने दोन्ही संख्या जवळपास सारख्याच ठरल्या.)

हे जंतू खातात काय? जे आपल्या पाचकरसांना पचत नाही ते. बाजरीचा कोंडा, मटकी-हुलग्याची टरफले, शिजवून थंड झालेल्या बटाट्यातील पिष्टाचा काही अंश, ही त्यांची शिदोरी होय. कांद्याचे उदाहरण तर आपल्या अगदी दारातले आहे. चाकणचे नाव पूर्वी कांद्याच्या बाजारामुळे घेतले जाई. आज ते मोटारींच्या कारखान्यांमुळे घेतले जाते. या कांद्यात इन्युलिनच्या जातीची शर्करा-साखळी असते. ती तोडणारा रस मनुष्याच्या पोटात नाही. ती जशीच्या तशी मोठ्या आतड्यात उतरते आणि तेथील जंतू तिला आंबवितात. या आंबण्यातून ॲसेटिक, प्रोपिऑनिक व ब्युटिरिक अशी आम्ले निघतात. त्यांपैकी ब्युटिरिक आम्ल हे आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. शिवाय या आम्लांमुळे आतड्यातून असे अंतःस्राव सुटतात की पोट भरल्याची जाणीव होते आणि इन्शुलिनच्या कार्यास साहाय्य मिळते. ज्याला आपण चोथा म्हणून हिणवितो, त्याचा संबंध असा थेट रक्तातील साखरेपर्यंत पोहोचतो.

२००४ साली अमेरिकेतील सेंट लुई येथे एक प्रयोग प्रसिद्ध झाला. जन्मापासून निर्जंतुक ठेवलेल्या उंदरांच्या पोटात साध्या उंदरांच्या आतड्यातील जंतू सोडले. त्यांनी पूर्वीपेक्षा कमी खाल्ले, तरीही दोन आठवड्यांत त्यांच्या अंगावरील चरबी सुमारे ६० टक्क्यांनी वाढली. उंदरांवरून माणसांविषयी निष्कर्ष काढण्याची घाई करू नये, हे खरे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील संशोधकांनी २०१६ साली दाखविले की, भारतीयांच्या आतड्यांत प्रीव्होटेला नावाच्या जंतूंचे प्राबल्य आहे. वनस्पतिजन्य, भरड आहार घेणाऱ्या लोकांत तो सामान्यतः अधिक आढळतो.

मग जुन्या आहाराकडे परत फिरले म्हणजे झाले, असे कोणी म्हणेल. तसे नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके यांचा अभ्यास चालविला. ती बालके सरासरी २.७ किलो वजनाची, म्हणजे इंग्लंडमधील बालकांहून पुष्कळ हलकी. परंतु स्नायू कमी असूनही त्यांच्या अंगावर चरबी मात्र टिकून होती. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत असे दिसले की, ज्या मातांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट अधिक होते, त्यांच्या मुलांचे शरीर सहाव्या वर्षी इन्शुलिनला सर्वांत कमी दाद देत होते. मधुमेहाची वाट येथूनच सुरू होते. आणि ही खेडी भाकरी खाणारीच होती!

यात एक चमत्कारिक गोष्ट आहे. मोठ्या आतड्यातील कित्येक जंतू ब-१२ स्वतः बनवितात. परंतु ते शरीरात शोषून घेण्याची जागा लहान आतड्याच्या शेवटी, म्हणजे या वस्तीच्या अलीकडे आहे. खाली तयार झालेला माल वर चढत नाही. म्हणून भाकरी, मटकी व कांदा यांच्या जोडीस दूध, दही, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांना अंडे अथवा मासळी हवीच.

आपल्या वर्गातील डब्यांकडे पाहावे. भाकरीची लाज वाटून ती दप्तरात लपविणारे मूल आणि बिस्किटांचा पुडा ऐटीने फोडणारे मूल, ही दोन्ही एकाच बाकावर बसलेली आढळतात. कारखान्यातील पाळीसाठी पहाटे निघणाऱ्या आईस भाकऱ्या थापण्यास सवड नसते. तिला बोल लावणे मला योग्य वाटत नाही. पण भाकरीचा उपहास वर्गात होऊ न देणे हे तर आपल्या हातचे आहे. शाळेच्या आहारात उसळ असते त्या दिवशी पाच मिनिटे तिच्याविषयी बोलावे.

एक प्रयोगही सुचवितो. उकळून कोमट केलेले दूध दोन वाट्यांत घ्यावे. एकीत चमचाभर दही घालावे, दुसरीत काही घालू नये. दोन्ही झाकून दुसऱ्या दिवशी मुलांस दाखवाव्यात. विरजणाशिवाय ठेवलेले दूध कोणास चाखू देऊ नये. दह्यातील जंतू पोटात कायमचे ठाण मांडतात असे मात्र सांगू नये; ते बहुधा पाहुण्यासारखे येऊन जातात. थंडीत विरजण लागले नाही, तर वाटी उबेला ठेवून पुन्हा पाहावी, आणि काय फरक पडला ते मुलांकडूनच फळ्यावर लिहवून घ्यावे.