बँक सारखी केवायसी का मागते?

बचत गटांच्या बैठकांना गेलो की एक तक्रार आमच्या कानावर हमखास येते. गटाचं खातं जुनं, हप्ता कधी चुकला नाही, तरी बँक पुन्हा आधार मागते, पॅन मागते, फोटो मागते. अध्यक्ष-सचिव दोघींची मजुरी बुडते. मग कुणीतरी चिडून म्हणतं, "आम्ही काय अतिरेकी आहोत का?" सगळ्या हसतात, पण गंमत अशी, की प्रश्न अगदी नेमका आहे. केवायसीमागच्या कारणांपैकी एक मोठं कारण अतिरेक्यांचा पैसा हेच आहे. आज त्याबद्दलच बोलू.

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आपण कुणी विसरलेलो नाही. समुद्रातून दहा जण मुंबईत उतरले आणि १६६ माणसं गेली. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या केडंबे गावचे तुकाराम ओंबळे यांनी छातीवर गोळ्या झेलल्या, म्हणून कसाब जिवंत हाती लागला. बंदुकांची ती गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पैशाची गोष्ट फार कमी जणींनी ऐकली असेल.

ते दहा जण मुंबईत असताना पाकिस्तानात बसलेली माणसं त्यांना फोनवरून हुकूम देत होती. हे फोन इंटरनेटवरून लावलेले होते आणि त्यासाठी एका अमेरिकी कंपनीत खातं उघडलं होतं. त्या खात्यासाठी हल्ल्याच्या आदल्या दिवशी इटलीतल्या ब्रेशिया गावातून पैसे भरले गेले. किती? २२९ डॉलर. त्या वेळच्या भावानं साधारण अकरा हजार रुपये. आपल्या दहा जणींच्या गटानं महिन्याला शंभर-शंभर टाकले, तर वर्षाला बारा हजार होतात. म्हणजे आपल्या एका लहान गटाच्या वर्षाच्या बचतीपेक्षाही कमी.

आणि पाठवणाऱ्याचं नाव? ते होतं अशा एका माणसाचं, ज्यानं इटलीत कधी पाऊलही टाकलं नव्हतं. त्याची ओळख दुसऱ्यांनीच वापरली होती. अमेरिकी आणि भारतीय तपासाचा धागा इटलीच्या पोलिसांपर्यंत गेला आणि वर्षभरानं, २००९ च्या नोव्हेंबरात, ब्रेशियात दोघांना अटक झाली. मुंबईतला गुन्हा, पाकिस्तानातले सूत्रधार, अमेरिकेतलं खातं, इटलीतली खिडकी. एकट्या मुंबई पोलिसांनी हे कुठवर शोधलं असतं?

म्हणून देशांनी आपसात नियम केले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं १९९९ साली १२६७ क्रमांकाचा ठराव केला, त्यातून एक यादी निघाली. यादीत नाव आलं की त्या माणसाची मालमत्ता गोठवायची, त्याला प्रवास करू द्यायचा नाही, शस्त्रं द्यायची नाहीत, आणि हे सगळ्या देशांनी पाळायचं. अमेरिकेवरच्या हल्ल्यानंतर २००१ साली १३७३ क्रमांकाचा ठराव आला आणि अतिरेक्यांना पैसा पुरवणं हाच प्रत्येक देशात गुन्हा ठरवणं बंधनकारक झालं. आपल्याकडे ही गोठवणूक बेकायदा कृत्यं प्रतिबंधक कायद्याच्या ५१-अ कलमाखाली होते. बँकेला ग्राहकांची नावं त्या यादीशी ताडून पाहावी लागतात.

खातं गोठवलं म्हणजे माणूस उपाशी मारायचा असं मात्र नाही. मुंबई हल्ल्यातला झकीउर रहमान लखवी डिसेंबर २००८ मध्ये यादीत आला. पुढे २०२० साली समितीनं त्याला गोठवलेल्या पैशातून महिन्याला दीड लाख पाकिस्तानी रुपये काढायची परवानगी दिली. अन्नाला ५० हजार, औषधाला ४५ हजार, वीज-पाणी वगैरेला २० हजार, वकिलाला २० हजार, प्रवासाला १५ हजार. आपल्या घरखर्चाच्या वहीत असा आकडा लिहिणारी बाई आमच्या तालुक्यात तरी आम्हाला भेटलेली नाही. नियम म्हणून ते बरोबर असेलही, पण वाचताना राग येतोच.

यादीची आणखी एक गोम आहे. नाव घालायला समितीतल्या पंधराही देशांची संमती लागते. मसूद अझहरचं नाव चीननं वर्षानुवर्षं अडवून धरलं, ते शेवटी १ मे २०१९ ला लागलं. आणि हाफिज सईदचं नाव तर २००८ मध्येच लागलं होतं, तरी तो पुढे कित्येक वर्षं लाहोरात उघड सभा घेत होता. कागदावरच्या बंदीला घरचं सरकार पाळतं तेवढीच किंमत.

मग चिमटा बसला कुठे? पॅरिसमध्ये एफएटीएफ नावाची संस्था आहे, देशांचे पैशाचे व्यवहार स्वच्छ आहेत का ते तपासणारी. तिनं जून २०१८ मध्ये पाकिस्तानला करड्या यादीत टाकलं, ते ऑक्टोबर २०२२ पर्यंत. अशा देशाकडे बाहेरच्या बँका संशयानं पाहतात. याच काळात २०२० साली सईदला आणि २०२१ च्या जानेवारीत लखवीला शिक्षा झाली. लखवीवरचा आरोप काय, तर दवाखान्याच्या नावाखाली पैसा गोळा केला. दोघांनाही या शिक्षा पैशाच्या गुन्ह्यांसाठी झाल्या, मुंबईतल्या खुनांसाठी नाही. आमच्या मते हा अर्धाच न्याय आहे.

मुंबईची पाहणी करून गेलेल्या डेव्हिड हेडलीला अमेरिकेनं आपल्या ताब्यात दिलं नाही, पण २०१६ साली त्यानं तिथूनच व्हिडिओवर मुंबईच्या न्यायालयात साक्ष दिली. त्याचा साथीदार तहव्वूर राणा मात्र प्रत्यार्पण कराराखाली एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीत आणला गेला. सतरा वर्षं होत आली होती.

आता आपल्या कामाचं. गटाचं बचत खातं उघडताना सगळ्या सभासदांची केवायसी लागत नाही, पदाधिकाऱ्यांची पुरते. हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. खिडकीवर कुणी वीसही जणींना रांगेत उभं केलं, तर नम्रपणे पण ठामपणे सांगा. कर्ज जोडणीच्या वेळी मात्र सगळ्यांची कागदपत्रं मागू शकतात. तुमच्या स्वतःच्या कमी जोखमीच्या खात्याची केवायसी दहा वर्षांनी नवी करायची असते, आणि माहितीत काही बदल नसेल तर तसं लिहून दिलेलंही चालतं. आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख पेनानं लिहा. "ताई, तुमचं खातं महिनाभर वापरू द्या, दोन हजार देतो" म्हणत गावात कुणी फिरत असेल, तर पासबुक-एटीएम त्याच्या हातात देऊ नका आणि त्याच दिवशी बँक सखीला कळवा.