प्रयोगशाळेंतील भांडीं

श्रोतेहो, भांडीं घासण्याविषयीं नभोवाणीवर बोलावें, हें आपणांस चमत्कारिक वाटेल. परंतु मीं तीस वर्षें मास्तरकी केली आणि शाळेंतील विज्ञानाच्या कपाटाची किल्ली बहुतेक काळ माझ्याकडेच होती. अस्वच्छ परीक्षानळीनें बिघडलेले प्रयोग मीं पुष्कळ पाहिले आहेत.

माझी पुतणी एका संशोधनशाळेंत आहे. तिच्याकडे बायोरिअॅक्टर नांवाचें पांच लिटरांचें कांचेचें पात्र असतें. विरजणाप्रमाणें त्यांत सूक्ष्म जीव वाढवावयाचे. मात्र हवे तेच, दुसरा भागीदार नको. गेल्या पावसाळ्यांत तिचा नऊ दिवसांचा प्रयोग परक्या जंतूंनीं नासला. पात्र तर आधीं दाबाच्या वाफेंत १२१ अंश सेल्सिअसवर ठेवलेलें होतें! तीन दिवस शोध चालला. अखेर भांडीं धुणाऱ्या वृद्ध सेवकानें झांकणाखालचें रबरी कडें उचलून दाखविलें. खांचेंत मागल्या खेपेचा मळ वाळून बसला होता. अशा मळाच्या पोटांत वाफ नीट पोंचत नाहीं आणि कांहीं जंतूंचे चिवट बीजाणु तेथें सुखानें तग धरितात. त्या सेवकाचें नांव अहवालांत आलें नाहीं, हें मला अजून खटकतें.

एवढ्याशा मळानें काय होतें? १९४० सालीं ऑक्सफर्ड येथें एब्रॅहॅम व चेन यांनीं दाखविलें कीं, कांहीं जंतु पेनिसिलीनचा नाश करणारें द्रव्य स्वतःच निर्माण करितात. पेनिसिलीनच्या पात्रांत असा पाहुणा शिरला, तर तयार होणारें औषध तो तेथेंच फस्त करील.

आतां धुण्याची रीत. प्रयोग संपतांच आंतील जीव वाफेनें मारावे व पात्र लागलीच धुवावें. वाळलेलीं प्रथिनें करपलेल्या दुधाप्रमाणें हट्ट धरितात. आम्लता मोजणारी कांचेची कांडी अगोदर काढून घ्यावी. ती स्वच्छ राहावी म्हणून ऊर्ध्वपातित पाण्यांत बुडवून ठेवणें हा नवशिक्यांचा नेहमींचा प्रमाद. तिच्यांतील क्षार त्या पाण्यांत निघून जातात. तिची जागा पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणांत. नंतर दाहक सोड्याच्या सौम्य, कोमट द्रावणांत पात्र भिजवावें, आणि विसळण्याचें पाणी सोड्याची खूण न दाखवील तोंवर विसळावें. हवा सोडणाऱ्या नळीचीं छिद्रें उजेडाकडे धरून पाहावीं. तीं अर्धीं बुजलीं तरी बुडबुडे दिसत राहतात, पण जीवांना प्राणवायु अपुरा पडतो. पोलादी भागांस क्लोरीनचें द्रावण लावूं नये. न गंजणारें म्हणून ज्याची ख्याति, त्या पोलादासहि तें बारीक खड्डे पाडतें, आणि खड्ड्यांत पुनः मळ!

कडें मात्र घासून भागत नाहीं. चिरलें वा कडक झालें कीं टाकावें. पुतणीनें आतां कडें बदलल्याची तारीख वहींत लिहिण्यास आरंभ केला आहे. पहिली नोंद त्या वृद्ध सेवकाच्या हातची आहे.