घरचें गाणें हातांतल्या यंत्रावर

मोरोपंतांनीं बारामतीस बसून आर्या रचल्या, तेव्हां त्या छापून काढण्याची सोय मराठी मुलखांत नव्हती. पंतांचा काळ १७२९ ते १७९४. तरी त्यांची कविता दूरदूरच्या गांवीं पोंचली, ती कीर्तनकारांमुळें. कीर्तनकार पोथी पाही, तींतील हवा तो भाग आपल्या बाडांत उतरून घेई, आणि तें बाड कांखोटीस मारून पुढच्या गांवाची वाट धरी. पोथी घरीं राही, नक्कल हिंडत असे. श्रोतेहो, घरच्या संगणकावर सांठविलेलें गाणें किंवा चित्रपट खेळण्याच्या यंत्रावर बरोबर कसा नेतां येईल, हा आजच्या घरोघरच्या मुलांचा प्रश्न वस्तुतः याच जातीचा आहे. पोथीच्या जागीं संगणक आला आहे आणि बाडाच्या जागीं तळहाताएवढा पडदा, इतकेंच.

हातांत धरून खेळावयाचीं यंत्रें प्रथम आलीं तीं केवळ खेळापुरतीं. जपानच्या निन्टेन्डो कंपनीनें १९८० सालीं ‘गेम अँड वॉच’ या नांवाचें खिशांत मावणारें यंत्र काढलें आणि १९८९ सालीं ‘गेम बॉय’ काढला. पहिल्यांत खेळ कायमचाच बसविलेला असे. दुसऱ्यांत जी कुपी घालावी तिचा खेळ चाले. घरच्या संगणकाशीं त्यांचा कांहीं संबंध नव्हता. तो संबंध चांगला जुळला सोनी कंपनीच्या ‘प्लेस्टेशन पोर्टेबल’ या यंत्रामुळें. मुलें त्यास नुसतें ‘पीएसपी’ म्हणतात. १२ डिसेंबर २००४ रोजीं तें जपानांत विक्रीस आलें. खेळाची तबकडी घालण्याची जागा त्यांत होतीच. पण बाजूस एक लहानशी फटही होती आणि तींत ‘मेमरी स्टिक’ नांवाची बोटाच्या पेरापेक्षां थोडी मोठी पट्टी बसत असे. तारेनें यंत्र संगणकास जोडावें, आणि संगणकावरील गाणीं, छायाचित्रें व चित्रपट त्या पट्टीवर उतरवावे, अशी ती योजना होती.

योजना सोपी, हिशेब मात्र अवघड. अमेरिकेंत या यंत्राबरोबर जी पट्टी देत, तिची धारणशक्ति ३२ मेगाबाइट होती. साधारण बऱ्या आवाजाचें गाणें मिनिटास एक मेगाबाइट जागा खातें, म्हणजे त्या पट्टीवर अर्ध्या तासाचें संगीत मावलें कीं ती भरली. चित्रपटाची गोष्ट तर विचारूंच नये. अडीच तासांचा चित्रपट आंखडला तरी कित्येकशें मेगाबाइट जागा मागतो. शिवाय आंखडावा लागतोच. आपल्याकडील चित्रपटाच्या तबकडीवर एका चित्रांत ७२० गुणिलें ५७६ इतके ठिपके असतात. या यंत्राच्या पडद्यावर ४८० गुणिलें २७२. म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनहि कमी. अधिक ठिपके पाठवून उपयोग नाहीं, कारण ते दाखविण्यास पडद्यावर जागाच नाहीं. म्हणून संगणकाकडून तो चित्रपट नव्यानें, बारीक मापानें लिहवून घ्यावा लागे. त्या वेळच्या घरगुती संगणकास अडीच तासांच्या चित्रपटासाठीं पुष्कळदां त्याहून अधिक वेळ लागे, आणि २००५ नंतरच्या त्या वर्षांत महाराष्ट्रांत भारनियमन चालूं होतें. काम तीन चतुर्थांश होऊन वीज गेली म्हणजे पुन्हां आरंभापासून सुरुवात. उन्हाळ्याच्या सुट्टींत असा एक चित्रपट तीन दिवसांत उतरविणाऱ्या मुलाची चिकाटी शाळेच्या गणितांत कां दिसत नाहीं, हें शिक्षकांना पडलेलें कोडें आहे.

ज्यांच्या घरीं संगणक नव्हता त्यांची सोय बाजारानें केली. तालुक्याच्या गांवीं मोबाइलचें दुकान आणि त्यांत एक संगणक, ही जोडी त्या काळांत सर्वत्र दिसूं लागली. गिऱ्हाइकानें आपलें मेमरी कार्ड द्यावें, दुकानदारानें तें गाण्यांनीं किंवा चित्रपटांनीं ‘भरून’ द्यावें. दळण टाकून यावें आणि परततांना पीठ घेऊन जावें, तसा हा व्यवहार. पण त्यांत एक गोम होती. विकत घेतलेल्या कृतीची स्वतःपुरती नक्कल आणि पैसे घेऊन दुसऱ्यास भरून दिलेली नक्कल यांत १९५७ चा प्रताधिकार कायदा भेद करतो. पहिलीस खाजगी वापर म्हणून कांहीं सवलत आहे, दुसरीस नाहीं. पुढें २०१६ सालापासून मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झालें आणि कार्ड भरून देण्याचा हा धंदा ओसरला.

इंटरनेट स्वस्त झाल्यावर दुसराच मार्ग खुला झाला. यांत नक्कल मुळींच करावयाची नाहीं. चित्रपट किंवा खेळ घरच्या संगणकावरच चालतो. त्याचें चित्र तेवढें क्षणोक्षणीं हातांतल्या यंत्राकडे धाडलें जातें, आणि मुलानें दाबलेल्या कळीची खबर उलट संगणकाकडे जाते. अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीनें २०१४ सालीं ‘स्टीम’ या आपल्या खेळांच्या दुकानांतून ही सोय सर्वांस खुली केली, आणि २०२२ च्या फेब्रुवारींत ‘स्टीम डेक’ हें स्वतःचें हातांतलें यंत्रही बाजारांत आणलें. त्या यंत्राच्या पोटांत स्वतंत्र संगणकच आहे. तरी घरचा मोठा संगणक काम करील आणि हातांतलें यंत्र नुसतें दाखवील, असेंही त्यास वापरतां येतें. एकाच घरांत, दिवाणखान्यांतील संगणक आणि माडीवरील मुलगा यांच्यामध्यें, हें उत्तम चालतें.

घराबाहेर पडलें कीं चित्र पालटतें. मुलगा बारामतीस शिकत असून घर इंदापुराकडे आहे असें समजूं. अंतर सुमारें पन्नास किलोमीटर. कांचतंतूंतून जाणाऱ्या प्रकाशास तें तोडण्यास सेकंदाचा चार हजारावा हिस्सा पुरतो. तेव्हां अंतराचा दोष नाहीं. दोष वाटेचा. इंदापूरच्या घरांतून निघालेलें चित्र सरळ बारामतीस येत नाहीं. तें बहुधा आधीं कंपनीच्या पुण्यामुंबईच्या केंद्राकडे जातें आणि तेथून मागें फिरतें. त्यांतच मोबाइलच्या कंपन्या एका पत्त्यामागें अनेक ग्राहक ठेवतात, म्हणून बाहेरून घरच्या संगणकाचें दार सरळ ठोठावतां येत नाहीं. मध्यें कोणी मध्यस्थ लागतो. आणि तिसरी अडचण घरांतून बाहेर जाणाऱ्या प्रवाहाची. दूरध्वनीच्या तारेवरून येणाऱ्या जोडणींत घरांत येणारा प्रवाह मोठा आणि घरांतून बाहेर जाणारा फार बारीक असे. घरीं बसून पाहणाऱ्यास तें कळतही नसे. घरचें बाहेर पाठवूं जाणाऱ्यास मात्र तेथेंच अडे.

इंदापूरच्या शेतकऱ्यास हें निराळें समजावून सांगावयास नको. वीरपासून निघणारा नीरा डावा कालवा पुरंदर, बारामती करीत इंदापूर तालुक्यांत पोंचतो. वरच्या अंगास पाणी भरपूर दिसतें. शेवटास, ज्यास तिकडे ‘टेल’ म्हणतात, तेथें पाळी येईल तेव्हां येईल आणि येईल तितकें येईल. कालव्याची रुंदी मोजावी ती टेलवर, मुखाशीं नव्हे. जोडणी विकणारा मनुष्य आंकडा सांगतो तो मुखाचा. तेव्हां घरांतून बाहेर काय जाईल, हा आंकडा ग्राहकानें वेगळा विचारून घ्यावा. हल्लीं कांचतंतूच्या कित्येक जोडण्यांत दोन्ही आंकडे सारखे असतात, आणि तशी जोडणी घरीं असेल तर अर्धें काम झालें.

तरीही खेळ आणि चित्रपट यांत एक मूलभूत भेद राहतोच. चित्रपट पुढचा मागचा थोडा भाग यंत्रांत सांठवून ठेवतां येतो. वाटेंत क्षणभर खोळंबा झाला तरी प्रेक्षकास पत्ता लागत नाहीं. खेळाचें तसें नाहीं. मूल पुढच्या क्षणीं कोणती कळ दाबणार हें ठरलेलें नसतें, म्हणून पुढचें चित्र आधीं तयार करून ठेवतां येत नाहीं. सेकंदास साठ चित्रें दाखविणाऱ्या खेळांत दहाव्या हिश्श्याचा विलंब झाला, तर खेळणारा सहा चित्रें मागें असतो. त्याला दिसणारा शत्रु केव्हांच निघून गेलेला असतो. यंत्र बिघडलें म्हणून दुकानीं नेणारे पुष्कळ पालक खरें म्हणजे हा विलंब दुरुस्त करावयास नेत असतात. असला खेळ बाहेरगांवीं दुरून खेळण्याचा हट्ट धरूं नये. जो यंत्राच्याच पोटांत मावेल तो खेळावा.

येथपर्यंत गोष्ट करमणुकीची झाली. परंतु घरच्या संगणकावर आणखीही कांहीं असतें, आणि तें कोणत्याच दुकानांत मिळत नाहीं.

पुण्यांत गी प्वातवां (१९३४–२००४) व हेमा राईरकर या दोन अभ्यासकांनीं महाराष्ट्रांतील खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या जमविल्या. एक लाखाहून अधिक ओव्या लिहून काढल्या गेल्या, आणि त्यांपैकीं पुष्कळ बायकांच्या प्रत्यक्ष आवाजांत ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ सालापासून ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’ या संस्थेनें त्या इंटरनेटवरून लोकांपुढें मांडण्यास आरंभ केला. त्यांत इंदापूर तालुक्यांतील निमगाव केतकी गांवच्या ओव्याही आहेत. बारामतीहून इंदापुरास जाणारी एस.टी. सणसर, लासुर्णें करीत याच निमगाव केतकीवरून जाते. तुकोबांची पालखीही याच वाटेनें पंढरीस जाते. ज्या खेळयंत्रावर मुलगा या रस्त्यानें जातांना मोटारींची शर्यत खेळतो, त्याच यंत्रावर त्याच गांवची ओवी वाजूं शकते. यंत्रास दोन्ही सारखेंच.

हा संग्रह अभ्यासकांनीं जपला म्हणून राहिला. पण हजारों घरांतून असा लहानसा संग्रह आहे आणि त्यास अभ्यासक नाहीं. कोणी नातवानें मोबाइलवर आजीच्या चार ओव्या घेतल्या, लग्नाची ध्वनिफीत संगणकावर चढविली, वडिलांचें भजन सांठवून ठेवलें. आजी वारली. संगणक जुना झाला. आतां त्या ओव्या बरोबर असाव्या म्हणून नातू त्या हातांतल्या यंत्रावर घेतो, आणि येथेंच दोन घात होतात.

पहिला घात आंखडण्याचा. पट्टीवर जागा कमी म्हणून ध्वनि बारीक मापानें लिहविला जातो. या क्रियेंत जो भाग कानास सहसा जाणवणार नाहीं असें यंत्रास वाटतें तो तें टाकून देतें. टाकलेलें परत मिळत नाहीं. गुळाची ढेप झाल्यावर तिचा पुन्हां ऊस करतां येत नाहीं, हें या मुलखांत कोणासही ठाऊक आहे. आंखडलेली प्रत चांगली वाजते असें पाहून मूळ प्रत संगणकावरून पुसून टाकणारीं घरें थोडीं नाहींत. बाड मिळालें म्हणून पोथी चुलींत घालण्याचा हा प्रकार होय. दुसरा घात जागेचा. नवा खेळ आला, तो मावत नाहीं. यंत्र विचारतें, पट्टी पुसावी काय? खेळण्याच्या उत्साहांत मूल ‘होय’ दाबतें. यंत्राला आजी आणि मोटारीची शर्यत यांतला फरक कळत नाहीं आणि तो कळावा अशी अपेक्षाही नाहीं. पण घरांतल्या मोठ्या माणसांस तो कळतो, आणि तीं त्या क्षणीं तेथें नसतात.

दुरून पाहण्याच्या मार्गांत हे दोन्ही घात नाहींत, म्हणून कित्येक त्याचा पुरस्कार करतात. संग्रह घरींच सुरक्षित, हातांत नुसतें चित्र. परंतु मग साराच भार त्या एका संगणकावर येतो. त्याची तबकडी बिघडली, वीज कोसळली, घर बदलतांना तो भंगारांत गेला, तर एस.टी.त बसलेल्या मुलाच्या हातांतला पडदा त्याच क्षणीं कोरा होतो. नक्कल ठेवणाऱ्याचें निदान कांहीं तरी उरतें. म्हणून खेळ आणि विकतचे चित्रपट दुरून पाहिले तरी चालतील, गेले तरी पुन्हां मिळतील. घरच्या आवाजाची मात्र नक्कलच करावी. मूळ प्रत न आंखडतां, एक संगणकावर आणि दुसरी वेगळ्या तबकडीवर कपाटांत. आंखडलेली तिसरी खुशाल हातांत. या तिसरीसाठीं स्वतंत्र पट्टी घ्यावी व खेळाच्या पट्टीशीं तिची गल्लत होऊं नये म्हणून तिजवर शाईनें आजीचें नांव लिहावें. आज अशी पट्टी तारेनें नेण्याचीही गरज नाहीं; बहुतेक यंत्रांतून ती काढून सरळ संगणकांत बसवितां येते.

एक बारीक गोष्ट राहिली. या यंत्रांचे ध्वनिक्षेपक फार लहान असतात आणि लहान ध्वनिक्षेपकास खालचा, घुमणारा स्वर काढतां येत नाहीं. त्यामुळें ओवी ऐकूं येते, पण ती जात्यावर गाइलेली असली तरी जात्याची घरघर ऐकूं येत नाहीं, आणि ध्वनिमुद्रणच सदोष आहे असें ऐकणाऱ्यास वाटतें. कानाला लावावयाचे चांगले श्रवणयंत्र जोडून पाहावें. मूळ प्रत शाबूत असेल, तर जातें तींत असतेंच.