क्लच माझा, गियर तात्यांचा

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



मी पिंपरी पेंढारचा. कल्याण-नगर रस्त्याने आळेफाट्याकडे निघालात आणि ओतूर मागे पडले, की थोड्या वेळात आमचे गाव लागते. कांदा, टोमॅटो, ऊस, आणि ऊस आहे म्हणून बिबट्या, अशी आमच्या शिवाराची ओळख. या गावात आता चारचाकीचे अप्रूप राहिलेले नाही. टोमॅटोला भाव मिळाला, की त्या वर्षी दोन-चार नव्या गाड्यांना हार घातले जातात. त्यामुळे माझ्या दारात गाडी आली, ही काही बातमी नव्हती. बातमी ही होती, की ती गाडी ४२ वर्षांची होती.

शेजारचे आबा आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, "गुरुजी, नव्या गाडीला पैसे कमी पडले काय?" मी म्हटले, "आबा, कमी पडले नाहीत. शर्यतीच्या बैलाला तुम्ही मोजलेत, त्याहून कमीच गेलेत." त्यावर आबा हसले, कारण हौस म्हणजे काय, हे बैलगाड्याच्या घाटावर आयुष्य घालवलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. आमच्या सौभाग्यवती मात्र हसल्या नाहीत. "एवढ्या पैशात बोअर झाली असती," एवढेच बोलून त्या आत गेल्या.

ही गाडी म्हणजे प्रीमिअर पद्मिनी, सन १९८३. रंग फिका निळा. आजच्या मुलांना ती चित्रपटातच भेटते, म्हणून तिचे थोडे कुळ सांगतो. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. तिचा कारखाना मुंबईत कुर्ल्याला होता. इटलीच्या फियाट कंपनीशी करार करून तिथे मोटारी बनू लागल्या. त्यातल्या एका गोल नाकाच्या गाडीला आपल्या लोकांनी 'डुक्कर फियाट' असे नाव ठेवले होते. १९६४ साली फियाट ११०० डिलाइट आली. तीच पुढे १९७४पासून पद्मिनी या नावाने विकली जाऊ लागली. चितोडच्या राणीचे नाव. पण महाराष्ट्रात तिला सगळे शेवटपर्यंत फियाटच म्हणत राहिले. त्या काळी पैसे भरून वर्षानुवर्षे नंबर लागण्याची वाट पाहावी लागे. डिसेंबर १९८३मध्ये मारुती आली आणि हळूहळू फियाटचा रुबाब उतरला. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपात मात्र ती टिकून राहिली. २००३ साली नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा संपल्यामुळे ऑक्टोबर २०२३च्या अखेरीस रस्त्यावरून उतरली. ते वर्तमानपत्रात वाचले, आणि माझ्या डोक्यात हा किडा शिरला.

त्याचे कारण आमचे तात्या. म्हणजे माझे वडील. १९६५ साली ते मुंबईला गेले आणि ३४ वर्षे त्यांनी टॅक्सी चालवली. टॅक्सी त्यांची नव्हती, मालकाची होती. रोजचे ठरलेले भाडे मालकाच्या हातात ठेवायचे, पेट्रोल आपण भरायचे आणि उरेल ते आपले, असा हिशोब. यात्रेला, दिवाळीला तात्या गावी यायचे ते एसटीने. मी लहान असताना एकदा विचारले होते, "तात्या, टॅक्सी का नाही आणली?" ते म्हणाले, "ती आपली न्हाय, बाळा." पुढे मी तो प्रश्न विचारला नाही, पण तो काही गेला नाही. शाळेतून निवृत्त झालो, थोडे पैसे हाताशी आले, आणि डोंबिवलीच्या एका गृहस्थांकडे पद्मिनी आहे असे कळले. उरलेले तुम्ही ओळखले असेल.

आता गाडी चालवण्याविषयी. मला वाटत होते, की मला गाडी चालवता येते. वीस वर्षे चालवतो आहे. पद्मिनीत बसल्यावर पहिल्या दहा मिनिटांत तो गैरसमज गेला. गियरचा दांडा नेहमीच्या जागी, दोन सीटांच्या मध्ये नाही. तो स्टिअरिंगच्या खांबाला डाव्या अंगाला चिकटलेला. पुढची सीट बाकासारखी अखंड. स्टिअरिंग थाळीएवढे मोठे आणि जड. उभ्या गाडीत फिरवायचे म्हणजे विहिरीवरचा रहाट ओढण्यासारखे. चाकांना चारी बाजूंनी ड्रम ब्रेक, आणि ते दाबायला मदत फक्त आपल्या पायाची. आजच्या गाडीत ब्रेकला नुसता पाय लावला की गाडी थांबते. इथे आधी ठरवायचे, मग दाबायचे आणि मग थोडा वेळ वाट पाहायची. त्यामुळे पुढच्या वाहनापासून अंतर ठेवावेच लागते. नवी गाडी आपल्या चुका झाकते, ही गाडी त्या मोठ्याने वाचून दाखवते.

इंजिन १०८९ सीसीचे, ताकद सुमारे ४० अश्वशक्ती. आजच्या छोट्यातल्या छोट्या गाडीपुढेही ही कमीच. डोंबिवलीहून निघालो, कल्याण, मुरबाड, टोकावडे सगळे सुरळीत झाले. माळशेज घाट सुरू झाला आणि बाईंनी श्वास टाकायला सुरुवात केली. दुसऱ्या गियरमध्ये गाडी दमली म्हणून पहिला टाकायला गेलो, तर आतून असा करकर आवाज आला, की मागच्या टेम्पोवाल्यानेही कानावर हात ठेवला असेल. बोगद्याच्या अलीकडे गाडी दोन उचक्या देऊन बंद पडली.

चोक ओढला, किल्ली फिरवली, काही नाही. शेवटी घरी फोन लावला. तात्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "बॉनेट उघडलंस का? पेट्रोल पंपाला हात लावून बघ. चटका बसतो?" बसत होता. "मग पाण्यात फडकं भिजव अन् त्याच्यावर टाक. पंधरा मिनिटं गप बस. च्या पी." पंप तापला, की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही, हे शास्त्र मी नंतर वाचले. त्या वेळी मी फक्त खांद्यावरचा टॉवेल भिजवला. पंधरा मिनिटांनी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. घाटमाथ्यावर आल्यावर मी त्रिकोणी काच उघडली. जुन्या गाड्यांना ती पुढच्या दाराला असायची. तिच्यातून येणारा वारा थेट छातीवर येतो. खुबी फाटा, मढ, डिंगोरे, उदापूर असे एकेक गाव ताशी चाळीसच्या वेगाने मागे पडत होते. या रस्त्याने मी शेकडो वेळा गेलो असेन. पण रस्त्याकडेच्या वडांवर फळे लागली आहेत, हे मला त्या दिवशी दिसले.

घरी पोचलो तेव्हा तात्या ओट्यावर उभे होते. मला वाटले होते, डोळ्यांत पाणी वगैरे येईल. ते पुढे आले, बॉनेटवर हात ठेवला, कान लावला आणि म्हणाले, "टॅपेट वाजतायत."

पुढचे पंधरा दिवस माझी शाळा भरली. विद्यार्थी साठीचा आणि मास्तर ८१ वर्षांचे. डिस्ट्रीब्यूटरमधले पॉइंट पॉलिश पेपरने कसे घासायचे, प्लग काढून त्याच्या रंगावरून पेट्रोल जास्त जाते की कमी हे कसे ओळखायचे, हे सगळे शिकलो. या गाडीच्या पहिल्या गियरला सिंक्रोमेश नाही. म्हणजे आतली चाके एका गतीला आणून देणारी सोय नाही. म्हणून चालत्या गाडीत पहिला टाकायचा, तर क्लच दाबून न्यूट्रल करायचे, क्लच सोडून थोडी रेस द्यायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गियर. याला डबल क्लच म्हणतात. तात्यांच्या भाषेत, "आधी तिला इचारायचं, मग घालायचा."

एके दिवशी तात्यांनी त्यांचा ट्रान्झिस्टर गाडीत आणून ठेवला. इंजिन सुरू होताच रेडिओत खरखर सुरू झाली. रेस वाढवली की खरखर वाढे. प्लगमध्ये ठिणगी पडते, तिच्यातून रेडिओलहरी निघतात, त्याचा हा प्रताप. आमच्याच जुन्नर तालुक्यात खोडदला प्रा. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली महाकाय दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची. आकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी ती टिपते. माणसाने केलेला असला गोंगाट कमी, हे ही जागा निवडण्याचे एक कारण होते. मी तात्यांना म्हटले, "आपली गाडी खोडदकडे न्यायला नको." तात्या म्हणाले, "शास्त्रज्ञांना सांग, ऐंशीच्या सालची बाई हाय, बोलणारच."

अडचणी नाहीत, असे नाही. कायद्याने ५० वर्षांपुढच्या मूळ स्थितीतल्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून वेगळी नोंदणी मिळते. तसे नियम २०२१ साली आले. पण तसा नंबर घेतला, की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला काढता येते, रोजच्या वापराला नाही. आमची बाई अजून पन्नाशीच्या आतली. म्हणून तिची नोंदणी साध्या गाडीसारखी दर पाच वर्षांनी नवी करायची, तपासणी करून घ्यायची, पर्यावरण कर भरायचा. ते योग्यच आहे. जुन्या गाडीचा धूर नव्या गाडीपेक्षा जास्त असतो, हे मी नाकारत नाही. म्हणून मी तिला आठवड्यातून एकदाच काढतो, आणि अंधार पडायच्या आत घरी आणतो. तिचे दिवे मिणमिणते आहेत. आमच्या भागात बिबट्याने माणसे मारली आहेत, त्यामुळे उसाच्या कडेला रात्री बॉनेट उघडून उभे राहणे ही हौस कुणी करू नये.

दुसरी अडचण पेट्रोलची. २०२५पर्यंत देशभर पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या प्रकारचे रबर खराब करते. दोन महिन्यांत पेट्रोलची नळी मऊ पडली आणि पंपाचा पडदा गेला. मिस्त्रींनी नवीन रबराची नळी बसवली. इथेनॉल उसाचेही होते, आणि ऊस आमच्याच शिवारात पिकतो. म्हणजे उजव्या हाताने ऊस कारखान्याला घालायचा आणि डाव्या हाताने नळ्या बदलायच्या. तक्रार कोणाकडे करणार?

आता शेवटचे सांगतो. गाडी ठीक झाल्यावर मी किल्ली तात्यांपुढे धरली. "बसा," म्हटले. माझ्या मनात ते चित्र कधीपासून होते. तात्यांनी किल्लीकडे पाहिले आणि मान हलवली. "लायसन संपलंय माझं. डोळंबी पहिल्यावानी न्हाईत. चौतीस वर्षांत बिनलायसनची चालवली न्हाई, आता चालवू व्हय?" मी म्हटले, "आपल्याच शेतातला रस्ता आहे. कोण बघतंय?" तात्या म्हणाले, "मी बघतोय की."

मला वाईट वाटले. ज्याच्यासाठी घेतली, तोच चालवणार नाही, तर ही गाडी नक्की कोणाच्या हौसेची, असा प्रश्न पडला. मुकाट्याने स्टिअरिंगवर बसलो. तात्या डाव्या बाजूला बसले. शेताच्या रस्त्याला लागलो. पुढे चढ आला. मी क्लच दाबला, आणि माझा हात दांड्याकडे जायच्या आत तात्यांच्या उजव्या हाताने गियर बदलला होता. आवाजसुद्धा झाला नाही.

मी त्यांच्याकडे पाहिले. ते समोर बघत होते. दांडा खांबाला असल्यामुळे डावीकडच्या माणसाचा हात तिथे सहज पोचतो, हे माझ्या लक्षातच आले नव्हते. मग मी हात स्टिअरिंगवरच ठेवला. क्लच माझा, गियर तात्यांचा. बोलायचे काही नाही. इंजिनाचा आवाज भरत आला, की मी पाय दाबायचा. तोवर त्यांचा हात तयार असायचा. बांधापर्यंत गेलो, वळलो, परत आलो. माझा पाय चुकला तेव्हा ते थांबले, माझी वाट पाहिली. चौतीस वर्षे ज्यांचे काम मी कधी पाहिले नव्हते, ते कसे काम करत, हे मला त्या अर्ध्या तासात कळले.

तेव्हापासून आठवड्याची फेरी अशीच होते, शेताच्या रस्त्याने. मोठ्या रस्त्यावर मात्र तात्या दोन्ही हात मांडीवर ठेवून बसतात, आणि माझा गियर वाजला की फक्त खाकरतात.

परवा आईला घेऊन ओझरच्या विघ्नहराला जाऊन आलो. तात्या टॅक्सी चालवत होते त्या सगळ्या वर्षांत आई दोनदा मुंबईला गेली होती; दोन्ही वेळा बसने फिरली, कारण टॅक्सीत गिऱ्हाईक असायचे. पुढे तिघांना जागा होती. तरी ती मागे बसली. परत आल्यावर उतरताना तिने पदराची गाठ सोडली आणि तात्यांना विचारले, "किती झालं?"

तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ दे. मीटर पाडलाच न्हवता."