लाइन बिझी का लागायची?

(रौप्यमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणावरून)



“टेलिफोनमधल्या आठवणी सांगा, पण दहा मिनिटांत,” अशी सेक्रेटरींनी अट घातली आहे. माझी सगळी नोकरी ट्रंक एक्स्चेंजमध्ये गेली. सुरुवातीला आपल्या तीन विंग मिळून चारच फोन होते आणि लाइन लागली नाही की तक्रार थेट माझ्या दारात यायची! त्या तक्रारींचं उत्तर आज देतो.

एसटीडीचा नंबर फिरवला की कॉल एका एक्स्चेंजमधून दुसऱ्यात जातो. दोन एक्स्चेंजच्या मध्ये लाइन्स ठरावीकच असतात. गर्दीच्या मानाने किती लाइन्स पुरतील याचं गणित कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या अर्लांग या गणितज्ञाने १९१७ साली मांडलं. टेलिफोनवरची गर्दी अजून ‘अर्लांग’ याच एककात मोजतात. पण सगळ्यांनी एकदम फोन केला तरी पुरतील, इतक्या लाइन्स कोणीच टाकत नाही. परवडतच नाही.

मग थेट लाइन्स भरल्या तर काय? एक्स्चेंज वळसा घालतं. समजा मुंबई-कोल्हापूर लाइन मोकळी नाही, तर कॉल पुण्यावरून पाठवायचा. बोलणाऱ्याला पत्ताही लागत नाही. अमेरिकेत एटी अँड टी कंपनीने १९८४ ते १९८७ या काळात हे फार हुशारीने केलं. तिथे पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळात तीन तासांचा फरक. न्यूयॉर्कला ऑफिसं गजबजतात तेव्हा कॅलिफोर्नियात पहाट असते, तिथल्या लाइन्स रिकाम्या. म्हणून दिवसाच्या वेळेप्रमाणे वळणाचे मार्ग बदलत ठेवायचे. मात्र एक नियम पक्का होता : वळसा जास्तीत जास्त दोन टप्प्यांचा.

हा नियम कशासाठी, ते ऐका. तीन गावं घ्या, प्रत्येक दोन गावांमध्ये ३० लाइन्स. एकूण ९० झाल्या. सगळे कॉल थेट गेले तर एका वेळी ९० संभाषणं होतात. पण प्रत्येक कॉल वळसा घालून गेला तर एकाला दोन लाइन्स लागतात, म्हणजे संभाषणं फक्त ४५! हमरस्ता तुंबला म्हणून चार गाड्या गल्लीतून गेल्या तर सोय होते. सगळ्याच घुसल्या की गल्लीतल्या माणसालाही घराबाहेर पडता येत नाही. म्हणून शेवटच्या काही लाइन्स थेट कॉलसाठी राखून ठेवतात, आणि गर्दी हाताबाहेर गेली की वळणाचे मार्ग सरळ बंद करतात.

आता एक गोष्ट सांगतो, जी मी इतकी वर्षं सांगितलेली नाही. ३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनानंतरची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला. आपल्या ए विंगमधल्या एका वहिनींचं माहेर उमरगा तालुक्यातलं. भावाच्या दुकानात फोन होता. त्या सकाळी त्या दारात आल्या. “भावजी, तुम्ही टेलिफोनमधले, मला एक लाइन मिळवून द्या.” मी “बघतो” म्हणालो आणि ड्यूटीवर गेलो.

एक्स्चेंजमध्ये त्या भागाकडे जाणाऱ्या कॉलचा नुसता पूर आला होता. लाइन लागली नाही की माणूस पुन्हा फिरवतो, पुन्हा फिरवतो, आणि प्रत्येक प्रयत्न यंत्रणेवर आणखी भार टाकतो. आम्हाला आदेश आला : तिकडचे वळणमार्ग बंद करा, जाणारे कॉल इथेच आवरा, तिकडून येणाऱ्यांना वाट द्या. कारण ढिगाऱ्याशेजारी उभा असलेला माणूस डॉक्टर मागतो, मदत मागतो. त्याचा एक कॉल आपल्या पन्नास चौकश्यांपेक्षा मोलाचा. मी तो आदेश पाळला.

वहिनींना इतकंच माहीत होतं, की मी लाइन मिळवून देऊ शकलो नाही. खरं म्हणजे लाइन अडवणाऱ्यांतच मी होतो. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या भावाचाच फोन आला. घर पडलं होतं, माणसं वाचली होती. तो कॉल तिकडून इकडे आला होता. पण त्या दोन रात्री वहिनींनी कशा काढल्या, हे मी समोरच्याच दारातून पाहिलं आहे. आदेश बरोबर होता असं आजही म्हणतो. तरी त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवायला मला बरेच दिवस लागले.

त्या आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. वहिनी, पंचवीस वर्षांच्या शेजाराला स्मरून हे तुम्हाला सांगून टाकलं.

आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे, पण गणित तेच आहे. संकटात सारखा नंबर फिरवू नका, एक छोटा मेसेज टाका आणि वाट पाहा. ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला आधी बोलू द्या. आणि देव करो न करो, सोसायटीत कधी आग लागलीच, तर सगळ्यांनी एकमेकांना फोन करत बसू नका. एकाने १०१ लावा, बाकीच्यांनी जिना मोकळा ठेवा.

दहा मिनिटं झाली. लाइन सोडतो. नमस्कार!