'ने' म्हणजे हो, 'ओही' म्हणजे नाही

(गणेशोत्सवातील सभासदांच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीस मला म्हणाले, "काका, तुम्ही ग्रीसला जाऊन आलात, त्यावर बोला." मी म्हटलं, तिथली देवळं आणि पुतळे यांवर पुस्तकं भरपूर आहेत, त्यात मी काय भर घालणार? पण आपल्यातले चार-दोन जण दर वर्षी मुलांकडे परदेशी जातात. तिथे जाऊन मी ज्या चुका केल्या त्या सांगितल्या, तर त्यांच्या कामाला येतील.

माझी मुलगी आणि जावई थेस्सालोनिकी या शहरात राहत होते. अथेन्सच्या खालोखाल ग्रीसमधलं हे दुसरं मोठं शहर, अगदी समुद्रावर वसलेलं. मुलीचं बाळंतपण होतं म्हणून मी आणि सौ. मार्च 2019 च्या सुरुवातीला गेलो आणि मे अखेरीस परतलो. पर्यटकांच्या व्हिसावर 180 दिवसांत 90 दिवसच राहता येतं, हे तिकीट काढण्याआधी लक्षात ठेवा. 13 मार्चला नात झाली. पाचव्या दिवशी मुलगी घरी होती, आणि त्याच दिवशी तिला ताप भरला. डॉक्टरांनी फोनवर तापाचं औषध सांगितलं. जावई बाहेर होते. रविवार, दुकानं बंद. तिकडे औषधाच्या दुकानावर हिरवा क्रूस असतो, आणि त्या दिवशी कोणतं दुकान उघडं आहे याची यादी बंद दुकानाच्या दारावर लावलेली असते. ती बघत बघत मी एका उघड्या दुकानात पोचलो. काउंटरवरच्या बाईंना चिठ्ठी दाखवली. त्या म्हणाल्या, "ने, ने."

मंडळी, मी चाळीस वर्षं भोपाळमध्ये काढलेली. आपल्याकडे 'नै' म्हणजे काय, हे सांगायला नको. मी कपाळाला हात लावला आणि दाराबाहेर पडलो. बाई "एला, एला" करत मागून धावत आल्या. त्यांच्या हातात औषधाची डबी होती!

तर पहिला धडा. ग्रीक भाषेत 'ने' म्हणजे हो. आणि नाही म्हणजे 'ओही'. म्हणजे त्यांचा होकार आपल्याला नकार वाटतो आणि त्यांच्या नकारात आपल्याला 'हो' ऐकू येतं. शिवाय नाही म्हणताना ते मान डावी-उजवीकडे हलवतीलच असं नाही. हनुवटी वर, भुवया वर, आणि जिभेने 'च्यक्'. आपण हनुवटी वर केली तर समोरच्याला वाटतं, "काय?" असं विचारतोय. ते 'च्यक्' मात्र आपल्या घरचंच आहे. लहानपणी आईकडे पैसे मागितले की आपण ते ऐकलेलं असतं.

तुम्ही म्हणाल, यात नवीन काय? आपण इथे आलो तेव्हा असंच झालं होतं. 1978 साली मी नोकरीवर रुजू झालो. साहेब म्हणाले, "चेष्टा कीजिए, काम हो जाएगा." मी मनात म्हटलं, पहिल्याच दिवशी साहेबांची चेष्टा कशी करू? 'शिक्षा विभाग' ही पाटी वाचून तर आमच्या मातोश्री घाबरल्याच होत्या. शब्द ओळखीचा वाटला की माणूस हमखास फसतो. अनोळखी शब्दाला तो निदान विचारतो तरी.

सगळेच ओळखीचे शब्द फसवत नाहीत, हेही खरं. तिथल्या बसवर 'केंद्रो' अशी पाटी असते. केंद्रो म्हणजे शहराचा मध्यभाग. आपला 'केंद्र' हा शब्द त्यांच्याच 'केंत्रोन'वरून संस्कृतात आला. 2002 साली युरोच्या नोटा येईपर्यंत त्यांचं नाणं होतं 'द्राख्मा', आणि आपला 'दाम' त्याच शब्दाचा वंशज. हे संबंध काही आजकालचे नाहीत. इथून साठेक किलोमीटरवर विदिशेजवळ बेसनगरला आपण सहलीला जातो. तिथला 'खांब बाबा' म्हणजे हेलिओदोरस या यवन राजदूताने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वासुदेवासाठी उभारलेला गरुडस्तंभ. आपल्या कार्ल्याच्या लेण्यातही काही खांबांवर, दान देणारे यवन असल्याचं कोरलेलं आहे. ही गोष्ट मी तिथल्या शेजाऱ्यांना सांगितली तेव्हा त्यांना फार आनंद झाला.

त्या शेजाऱ्यांविषयीच मला मुख्यतः सांगायचं आहे. समोरच्या दारात एक आजी-आजोबा राहत. तिकडे बाईमाणसाला मानाने 'किरिया' म्हणतात, म्हणून आम्हीही आजींना किरियाच म्हणायचो. आपल्यासारखंच तिथे 'तू' आणि 'तुम्ही' वेगळं आहे. नमस्कार करताना बरोबरीच्या माणसाला 'या सू', आणि वडीलधाऱ्यांना किंवा अनोळखी माणसाला 'या सास'. एवढा एक फरक सांभाळलात तर अर्धी लढाई जिंकलीत. धन्यवादाला 'एफखारिस्तो', आणि 'कृपया'ला 'पाराकालो'. उच्चार चुकला तरी कोणी हसत नाही, उलट खूश होतात.

किरिया बाळ बघायला आल्या. रिकाम्या हाताने नाही. मिठाईच्या दुकानातली दोरी बांधलेली खोकी घेऊन. बाळाजवळ गेल्या आणि "फ्तू, फ्तू, फ्तू" असं थुंकल्यासारखं केलं. आमची सौ. हादरली. मुलीने समजावलं, "आई, दृष्ट लागू नये म्हणून करतात." मग काय विचारता! सौ.ने स्वयंपाकघरातून मीठ-मोहरी आणून बाळावरून ओवाळून दाखवली. किरियांनी पिशवीतून निळ्या डोळ्याची छोटी पिन काढून दुपट्याला लावली. एकीला ग्रीक सोडून दुसरी भाषा येत नव्हती, दुसरीला मराठी आणि भोपाळी हिंदी. पण दोघींचं अडलं नाही. सौ. म्हणाली, चाळीस दिवस बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही. किरियाही बोटांवर चाळीसच मोजून दाखवत होत्या. तिथेही चाळिसाव्या दिवशी आई बाळाला घेऊन चर्चमध्ये आशीर्वादाला जाते. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी त्यांच्याकडून सूप नाहीतर मसुरीची आमटी येऊ लागली.

शाकाहारी मंडळींसाठी इथेच सांगून ठेवतो. ईस्टरच्या आधी त्यांचा मोठा उपवास असतो. आम्ही बरोबर त्याच दिवसांत होतो. तेव्हा मांस, अंडी, दूध वर्ज्य. 'निस्तीसिमो' असं लिहिलेलं असेल तर ते उपवासाचं. पण सावध राहा, कोळंबी, माकूळ त्यांच्या उपवासाला चालतात! म्हणून 'होरिस क्रेआस', म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही, नीट विचारून घ्या. पांढऱ्या घेवड्याचं सूप, तांदूळ भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या, पालकाची पाय, हे सगळं उत्तम. उपवासात रव्याचा हलवा करतात. तुपाऐवजी तेल आणि वेलचीऐवजी दालचिनी, बाकी आपला शिराच.

आता चूक नंबर दोन, आणि ही मोठी. एप्रिलच्या सुरुवातीला एक दिवस आजोबांनी त्यांच्या गॅलरीतून मला कॉफीला बोलावलं. मी नातीला झोपवत होतो. मी हात पुढे करून पाचही बोटं पसरून दाखवली, "पाच मिनिटांत येतो." आजोबांचा चेहरा लालबुंद झाला. ते आत गेले आणि खिडकीची झडप खाली ओढली. मी पाच मिनिटांनी जाऊन घंटी वाजवली, दार उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी सूप आलं नाही. तिसऱ्या दिवशी जिन्यात किरिया भेटल्या, मान वळवून गेल्या. सौ. मला म्हणाली, "तुम्ही त्यांना काही बोललात का?" मी शपथेवर सांगितलं, एक शब्दही नाही. आणि ते खरंच होतं.

आठ दिवस असे गेले. परक्या गावात एकच दार उघडं होतं, ते बंद झालं. मुलीला वाटलं, नातीच्या रडण्याचा त्रास होत असेल. सौ.ला वाटलं, आमच्या कुकरच्या शिट्टीचा. तेही अशक्य नव्हतं. तिथे दुपारची वामकुक्षी कायद्याने राखलेली आहे, उन्हाळ्यात तीन ते साडेपाच शांतता. पुणेकरांना हा देश आवडेल! आम्ही त्या वेळात मिक्सर बंद केला, खलबत्ता बंद केला. काही फरक पडला नाही.

शेवटी जावयांनी विचारलं, "बाबा, हात कसा दाखवलात?" मी दाखवला. त्यांनी डोक्याला हात लावला. पाच बोटं पसरून पंजा समोरच्याच्या तोंडाकडे करणं ही तिथे मोठी शिवी. तिला 'मूत्झा' म्हणतात. असं सांगतात की बायझंटाइन काळात गुन्हेगाराची गाढवावरून धिंड काढत आणि त्याच्या तोंडाला राख-काजळी फासत, त्यातून ही खूण आली. म्हणजे मी त्या सत्तरी ओलांडलेल्या गृहस्थांच्या तोंडाला भर गॅलरीत काळं फासलं होतं!

तसाच उठलो. मिठाईचं खोकं घेतलं आणि जावयांना घेऊन समोरच्या दारात उभा राहिलो. 'सिग्नोमी', म्हणजे माफ करा, हा शब्द जिन्यात दहा वेळा घोकला होता. दार उघडल्यावर तेवढाच बोलू शकलो. जावयांनी सगळं समजावून सांगितलं. आजोबा माझ्याकडे बघत राहिले, मग इतके हसले की त्यांना खोकला आला. त्यांनी मला पाच कसे दाखवायचे ते शिकवलं, पंजा आपल्या स्वतःकडे करून. मग बशीत चमचाभर गोड मुरंबा आणि थंड पाण्याचा पेला आला. आपल्याकडे पाहुण्याला गूळ-पाणी देतात, अगदी तसंच.

नंतर एकदा आमच्याकडच्या गणपतीच्या तसबिरीकडे बघून आजोबांनी जावयांमार्फत हळूच विचारलं, "हे तुमचे देव कोणाला मूत्झा देताहेत?" मी दाखवलं, बोटं जुळलेली आहेत, हे अभय आहे, भिऊ नका म्हणून सांगताहेत. त्यांनी त्यांच्या संतांचं चित्र दाखवलं. त्यांचाही हात आशीर्वादाला वर होता.

22 एप्रिलला मुलीचे चाळीस दिवस झाले, आणि 26 तारखेला त्यांचा मोठा शुक्रवार होता. रात्री फुलांनी सजवलेली येशूची प्रतीकात्मक तिरडी खांद्यावर घेऊन चर्चमधून मिरवणूक निघते. हातात मेणबत्त्या घेऊन सगळी वस्ती मागे चालते. आम्ही नातीला घेऊन किरियांबरोबर चाललो. सण शोकाचा होता, तरीही मला विसर्जनाची संध्याकाळ आठवली. तोच फुलांचा वास, तीच म्हातारी माणसं मुलांचा हात धरून. निघताना तिथे 'स्तो कालो' म्हणतात, म्हणजे चांगल्याकडे जा. आपणही 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो.

थोडं शेवटचं सांगून थांबतो. जानेवारी 2021 मध्ये आजोबा गेल्याचं कळलं. महामारीमुळे जाणं शक्यच नव्हतं. मुलगी किरियांकडे गेली आणि तिने फोन त्यांच्यासमोर धरला. अशा वेळी तिथे 'झोई से सास' म्हणतात, मागे राहिलेल्या तुम्हांला आयुष्य लाभो. तेवढे तीन शब्द मी आदल्या रात्री पाठ केले होते. ते म्हटले. किरिया बराच वेळ बोलल्या नाहीत. मग हलकेच म्हणाल्या, "ने... ने..."

या वेळी मला अर्थ बरोबर कळला.

म्हणून सांगतो, मुलांकडे जाल तेव्हा लोणचं-पापड जरूर न्या, पण तिथल्या भाषेतले पाच-सात शब्दही घेऊन जा. आणि त्यात 'माफ करा' हा शब्द पहिला ठेवा. ग्रीकमध्ये परका आणि पाहुणा या दोघांना एकच शब्द आहे, 'क्सेनोस'. आपण सगळेच एके काळी या गावात परके म्हणून आलो होतो. कोणीतरी दार उघडलं, म्हणून आज आपण इथे मांडव घालून बसलो आहोत.

गणपती बाप्पा मोरया!